स्नायूंची ओळख : एका शास्त्राचा आणि एका शब्दाचा प्रवास

कोपर दुमडून मूठ घट्ट आवळली असता दंडावर जो गोल उंचवटा उठून येतो, त्यास मराठीत बेटकुळी म्हणतात. काही भागांत त्यालाच बेडकी किंवा बेडकुळी असे नाव आहे. कातडीखाली अंग चोरून बसलेली आणि क्षणात टुणकन वर येणारी ही वस्तू आपल्या पूर्वजांना बेडकीसारखी भासली असावी, हे त्या नावावरून सहज कळते. इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदीभाषक शेजाऱ्यांस त्याच जागी मासळी दिसली. बाहूंतील मछल्या फुरफुरणे हा त्यांच्या बोलण्यातील नित्याचा प्रयोग आहे. रोमन लोकांस तेथे उंदीर दिसला. युरोपातील बहुतेक भाषांत स्नायूसाठी जो शब्द रूढ आहे तो लॅटिनमधील ‘मुस्कुलुस’ या शब्दापासून निघाला असून त्याचा मूळ अर्थ ‘लहानसा उंदीर’ असा आहे. ग्रीकांच्या ‘मूस’ या शब्दाने तर उंदीर आणि स्नायू या दोहोंचाही बोध होत असे. संस्कृतातील ‘मूष’ हा त्याच कुळातला शब्द होय.

उंदीर, मासळी आणि बेडकी ही तीन नावे प्रथमदर्शनी कौतुकाची वाटतात. तथापि त्यांच्यामागे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. कातडीखाली जे हलते, त्याचे एकापासून दुसरे वेगळे करावयाचे कसे, आणि वेगळे केल्यावर त्यास कोणत्या नावाने हाक मारावयाची? मानवी शरीरातील हाडांस जोडलेल्या स्नायूंची संख्या आज सहाशेहून अधिक मानतात. हाडे सुटी होऊन हाती येतात, त्यांची मोजदाद सोपी. स्नायू मात्र एकमेकांवर थरांनी पसरलेले, एकमेकांत गुंतलेले आणि मृत्यूनंतर लौकर विघटित होणारे. म्हणूनच त्यांची ओळख पटण्यास मनुष्यजातीस फार काळ लागला. त्या ओळखीचा इतिहास थोडक्यात सांगून, त्यातून आपल्या भाषेपुढे जो एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो त्याकडे शिक्षकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ आपल्याच परंपरेपासून करणे उचित होईल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात शरीरातील पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे. पैकी चारशे हातापायांत, सहासष्ट धडात आणि चौतीस मानेच्या वर. ही गणना ठोकळ नव्हे. एका पायाचा हिशेब पाहिला तरी तिची शिस्त कळते. पाच बोटांत प्रत्येकी तीन मिळून पंधरा, पावलाच्या पुढील भागात दहा, पावलाच्या वर दहा, घोट्याकडे व तळव्याकडे दहा, घोटा आणि गुडघा यांच्या दरम्यान वीस, गुडघ्यात पाच, मांडीत वीस आणि जांघेत दहा. बेरीज बरोबर शंभर. याच अध्यायात शव वाहत्या पाण्याच्या प्रवाहात, गवत व सालीने गुंडाळून, पिंजऱ्यात सात रात्री ठेवावे आणि ते मऊ झाल्यावर वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा, अशी रीत दिली आहे. शास्त्रात वाचलेले प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ज्ञान पुरे होत नाही, हा आग्रह तेथे स्पष्ट दिसतो.

या गणनेत दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, तेथे प्रदेशवार संख्या आहे; प्रत्येक पेशीस स्वतंत्र नाव नाही. दुसरी, आज मराठीत ज्यास आपण स्नायू म्हणतो त्यास सुश्रुत ‘पेशी’ म्हणतो. ‘स्नायु’ हा शब्दही त्याच्याकडे आहे. परंतु तो निराळ्या वस्तूचा वाचक आहे. नावेच्या फळ्या अनेक बंधांनी एकत्र बांधल्या म्हणजे ती पाण्यावर भार वाहू शकते, तसे सांध्यांच्या ठायी स्नायूंनी बांधलेले शरीर भार सहन करते, असा दृष्टांत त्याने दिला आहे. म्हणजे सुश्रुताचा स्नायु हा बांधणारा दोर आहे, आकुंचन पावणारे मांस नव्हे. असे नऊशे स्नायु आणि त्यांखेरीज सोळा जाड कंडरा त्याने मोजल्या आहेत. या भेदाकडे आपणांस पुढे परत यावयाचे आहे.

पश्चिमेकडे या विषयाची पहिली भक्कम मांडणी दुसऱ्या शतकात गेलेनने केली. पर्गामम येथे ग्लॅडिएटरांचा वैद्य म्हणून काम करताना त्यांच्या जखमांतून त्यास जिवंत स्नायूंचे जे दर्शन घडले असेल ते थोड्याच वैद्यांच्या वाट्यास येते. परंतु मानवी शवाचे विच्छेदन तेव्हाच्या रोमन जगात होत नसे. त्यामुळे त्याने बहुधा माकडांचे विच्छेदन केले आणि तेथे जे दिसले ते माणसाच्या ठायी आहे असे मानले. स्नायूंस नावे देण्याऐवजी तो त्यांना बहुधा अनुक्रमाने ओळखी. अमक्या अवयवास हलविणारा पहिला, दुसरा, तिसरा, अशी त्याची पद्धत. गेलेनचे वचन प्रमाण मानण्याची परंपरा त्यापुढे सुमारे तेराशे वर्षे टिकली.

तिला मोठा धक्का बसला तो १५४३ साली. ब्रुसेल्स येथे जन्मलेला आणि पाडुआ येथे अध्यापन करणारा आंद्रेआस व्हेसालिअस याचा मानवी शरीराच्या रचनेवरील सात भागांचा ग्रंथ त्या वर्षी बाझेल येथे छापून निघाला. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. ग्रंथाचा दुसरा भाग स्नायूंवर आहे. त्यातील चौदा पूर्णाकृती चित्रांत माणूस निसर्गदृश्याच्या पार्श्वभूमीवर उभा आहे आणि पानागणिक त्याच्या अंगावरील एकेक थर उतरत गेला आहे. विच्छेदनाचा क्रम कागदावर उतरविण्याची ही युक्ती विलक्षण परिणामकारक ठरली. त्यातील एका चित्रात व्हेसालिअसने पोटाचा सरळ स्नायू छातीवर पार वरपर्यंत चढलेला मुद्दाम दाखविला आहे. माणसात तो तसा नसतो, माकडात असतो. गेलेनने वर्णिलेला स्नायू कोणाचा होता, हे वाचकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे यासाठी ही योजना. ग्रंथप्रामाण्याचा असा निकाल चित्राने लावल्याचे उदाहरण शास्त्राच्या इतिहासात विरळा. त्यापूर्वी, १५१०-११ च्या सुमारास, लिओनार्दो दा व्हिंची याने खांद्याचे स्नायू निरनिराळ्या बाजूंनी फिरवून रेखाटले होते आणि स्नायूंच्या ओढीची दिशा कळावी म्हणून त्यांच्या जागी दोऱ्या काढून पाहिल्या होत्या. पण त्याची चित्रे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाहीत. त्यामुळे त्या ज्ञानाचा लाभ समकालीनांस जवळजवळ झालाच नाही.

व्हेसालिअसने स्नायू अचूक पाहिले. नावे मात्र त्यानेही फारशी दिली नाहीत. गेलेनप्रमाणे तोही अनुक्रमानेच चालला. नावांची उणीव भरून काढण्याचे काम ज्याने आरंभिले तो त्याचाच पॅरिस येथील गुरू याकोबुस सिल्व्हिअस. हा गेलेनचा कट्टर अभिमानी. शिष्याने गेलेनच्या चुका दाखविल्या म्हणून त्याने शिष्यास जाहीरपणे वेडा ठरविले. इतिहासाचा न्याय असा की, शिष्याची दृष्टी आणि गुरूची नावे या दोहोंचाही स्वीकार पुढील पिढ्यांनी केला. संख्येने ओळखलेला स्नायू क्रम बदलताच हरवतो. नावाने ओळखलेला स्नायू कोणत्याही पानावर सापडतो.

ही नावे कशी पडली ते पाहण्यासारखे आहे. काही आकारावरून आली. खांद्याचा स्नायू ग्रीक डेल्टा या त्रिकोणी अक्षरासारखा म्हणून त्या अक्षराचे नाव त्यास मिळाले. पोटरीतील एक चपटा स्नायू त्याच आकाराच्या माशाच्या नावाने ओळखला गेला. काही नावे शिरांच्या, म्हणजे मुळांच्या, संख्येवरून आली : दोन शिरांचा, तीन शिरांचा, चार शिरांचा. काही जोडलेल्या हाडांवरून, काही आकारमानावरून, काही कार्यावरून आली. मांडीवरून तिरका उतरणारा शरीरातील सर्वांत लांब स्नायू ‘शिंप्याचा स्नायू’ ठरला, कारण मांडी घालून बसण्याच्या शिंप्याच्या सवयीत त्याचे कार्य प्रकट होते; हे नाव सतराव्या शतकाच्या प्रारंभी स्पिगेलिअस याने दिले. आणि पोटरीच्या मुख्य स्नायूच्या ग्रीक नावाचा अर्थ आहे ‘पायाचे पोट’. आपल्या ‘पोटरी’ शब्दातही पोटच डोकावते, आणि जोंधळ्याचे कणीस बाहेर पडण्यापूर्वी ताट फुगते तेव्हा ते पीक पोटरीस आले असे शेतकरी म्हणतो. हजारो मैलांवरील दोन समाजांनी एकाच उंचवट्याकडे पाहून एकच कल्पना केली, हे खरोखर मनोज्ञ आहे.

यानंतरचे दोन टप्पे संक्षेपाने सांगतो. स्नायू आखडतो म्हणजे त्यात काय घडते, या प्रश्नावर निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाचा ग्रंथ १६६७ साली निघाला. स्नायूतील लाल मांसल तंतूच आखूड होतात, त्यांच्या टोकाची पांढरी कंडरा केवळ ओढ पोचविते, आणि स्नायू आखडताना त्याचे आकारमान वाढण्याचे कारण नाही, हे त्याने भूमितीच्या साहाय्याने मांडले. मज्जातंतूंतून एखादा वायुरूप पदार्थ येऊन स्नायू फुगवितो, ही जुनी समजूत त्यामुळे डळमळीत झाली. पुढे १७४७ साली लायडेन येथील आल्बिनस याने चित्रकार वांडेलार याच्या साहाय्याने स्नायूंचा जो चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक स्नायूचे माप, स्थान आणि दोन्ही टोकांचे बंध इतक्या काटेकोरपणे दाखविले आहेत की, मृत शरीरावरून होणारी ओळख तेथे जवळजवळ पूर्णत्वास पोचली.

उरली होती ती जिवंत शरीरावरील ओळख. फ्रान्समधील द्युशेन याने विजेचा सौम्य प्रवाह त्वचेवरून देऊन एकेक स्नायू स्वतंत्रपणे चाळविला आणि त्याचे कार्य नोंदविले; त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ १८६७ चा आहे. त्यातून निघालेला सिद्धांत महत्त्वाचा आहे. स्वाभाविक हालचालीत कोणताही स्नायू एकटा काम करीत नाही. एक ओढतो, दुसरा धरून ठेवतो, तिसरा सैल सोडतो.

वीजयंत्राशिवायही पुष्कळ स्नायू स्वतःच्या अंगावर ओळखता येतात, आणि वर्गात हा पाठ द्यावयाचा तर याहून स्वस्त साधन नाही. दात घट्ट आवळा. जबड्याच्या कोनाशी जो टणक होतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. मान उजवीकडे वळवा. डाव्या कानामागून उरोस्थीकडे उतरणारा दोर ताठ होतो. खांदे उडवा, मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला पाठीचा चौकोनी स्नायू हातास लागतो. हात बाजूस उचला. खांद्यावरील त्रिकोण घट्ट होतो. तळहात एकमेकांवर दाबा. छातीचा मोठा स्नायू उठतो. मल्लखांबाच्या दोरीवर शरीर वर खेचताना पाठीचा सर्वांत रुंद स्नायू काखेच्या मागल्या कडेस जाणवतो. बेटकुळी कोपर दुमडते खरी, पण तिच्या खाली दडलेला दुसरा स्नायू त्या कामी तिच्याहून एकनिष्ठ आहे. बेटकुळीचे दुसरे काम तळहात वर फिरविण्याचे, म्हणून उजव्या हाताने पेच आवळताना ती कठीण होते. जोर काढताना दंडाच्या मागील त्रिशिरस्क आणि बैठक मारताना मांडीवरील चतुःशिरस्क भार घेतो. बैठकीतून उठताना नितंबाचा स्नायू, जो आकाराने सर्वांत मोठा, पुढे सरसावतो. सपाट रस्त्याने सावकाश चालताना तो बराचसा स्वस्थ असतो. गुडघा सरळ ठेवून चवड्यावर उभे राहिल्यास पोटरीचा वरचा स्नायू ठळक होतो. गुडघा वाकवून तेच केल्यास भार आतल्या चपट्या स्नायूवर जातो, कारण वरचा गुडघ्याच्या पलीकडे मांडीच्या हाडास जोडलेला असून गुडघा वाकताच तो सैल पडतो.

आपल्या तालमींत ही ओळख विच्छेदनाच्या मार्गाने नव्हे, कृतीच्या मार्गाने फार पूर्वीपासून होती. कोणत्या मेहनतीने कोणते अंग भरते हे वस्तादास ठाऊक असे. बडोदे येथे द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ पासून दहा खंडांत निघालेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा त्या ज्ञानास ग्रंथरूप देण्याचा मोठा प्रयत्न होय, आणि तो महाराष्ट्राबाहेरील एका मराठी केंद्रात झाला ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

आता त्या शब्दाकडे परत येऊ. सुश्रुताचा ‘स्नायु’ हा बांधणारा दोर, हे आपण पाहिले. ग्रीकांचा ‘न्यूरॉन’ हा शब्द भाषाशास्त्रदृष्ट्या याच कुळातला, आणि त्याचाही मूळ अर्थ तात किंवा दोर असाच. पांढरी कंडरा आणि पांढरा मज्जातंतू डोळ्यांस सारखेच दिसत असल्याने प्राचीन ग्रीक दोहोंस एकच नाव देत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरोफिलस आदी वैद्यांनी मज्जातंतू निराळे ओळखले. त्यानंतर शब्द मज्जातंतूंकडे गेला आणि दोराचा अर्थ मागे पडला. आपल्याकडे बंगालीत ‘स्नायु’ याच मार्गाने मज्जातंतूचा वाचक झाला. मराठी, गुजराती आणि कन्नड या भाषांत तो दुसऱ्या वाटेने जाऊन मांसाचा वाचक झाला. हिंदीने सुश्रुताची ‘पेशी’ कायम राखली; १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पारिभाषिक शब्दावली आयोगाच्या हिंदी परिभाषेत पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि ‘स्नायु’ म्हणजे सांध्याचा बंध. तेलुगूने तिसराच शब्द उचलला. तेथे ‘कंडर’ हेच मांसाचे नाव झाले. एकाच संहितेतील पेशी, स्नायु आणि कंडरा हे तीन शब्द तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतले आणि प्रत्येकाने आपापला शब्द त्याच एका वस्तूस लावला! मराठीने तर मोकळी राहिलेली ‘पेशी’ सजीवांच्या सूक्ष्मतम घटकास दिली; हिंदीत त्यास कोशिका म्हणतात, आणि मराठीतही काही ग्रंथांत हा शब्द आढळतो.

महाराष्ट्रात राहणाऱ्यास या गोष्टीची झळ लागत नाही. परंतु इंदुरातील मुलगा घरी मराठी पुस्तकात ‘पेशी’ वाचतो तेव्हा त्याचा अर्थ एक, आणि शाळेत हिंदी पुस्तकात वाचतो तेव्हा दुसरा. बेळगाव व बडोदे येथे ‘स्नायू’ शेजाऱ्यांशी जुळतो. हैदराबादेत जुळत नाही. तेथे एके काळी उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकही उर्दूतून शिकविले आणि स्नायूस ‘अजला’ म्हटले. गोव्यात १८४२ पासून वैद्यकाचे शिक्षण पोर्तुगीजमधून चालले. तेथील विद्यार्थ्याच्या कानी रोमनांचा उंदीरच पडला. अशा स्थितीत केवळ पाठांतर केलेला शब्द घोटाळ्यास कारण होतो. इजा सांध्याच्या बंधास झाली की मांसास, हा भेद उपचाराच्या दृष्टीने लहान नाही.

यावर उपाय काय? युरोपातही एकेका अवयवास अनेक नावे होऊन बसली होती. १८९५ साली बाझेल येथे शारीरशास्त्रज्ञांनी सुमारे पन्नास हजार नावांतून सुमारे पाच हजार निवडली. १९५५ साली पॅरिस येथे आणि १९९८ साली पुन्हा त्या यादीची दुरुस्ती झाली. मूळ नाव लॅटिनमध्ये एकच ठेवावे आणि शिकविताना प्रत्येकाने ते आपल्या भाषेत आणावे, असे या व्यवहाराचे धोरण. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कलकत्त्याच्या कविराज गणनाथ सेन यांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ या संस्कृत ग्रंथात तसाच पाया घातला. खांद्याची अंसच्छदा, छातीची उरश्छदा, पाठीची पृष्ठच्छदा, पोटरीची जंघापिंडिका, शिंप्याच्या स्नायूची दीर्घायामा, ही त्यांनी वापरलेली नावे पाहिली म्हणजे त्यांनी भाषांतर न करता स्नायूच्या स्थानाकडे व आकाराकडे पाहून नामकरण केले, हे ध्यानात येते. ती आयुर्वेदाच्या अध्यापनात आजही चालतात आणि सर्व भारतीय भाषांस सारखीच जवळची आहेत.

‘स्नायू’ आणि ‘पेशी’ यांचे मराठी अर्थ आता बदलावे असे मात्र मी म्हणणार नाही. शब्द दोन पिढ्यांच्या मुखी रुळला म्हणजे व्युत्पत्तीच्या बळावर त्यास माघारी बोलाविता येत नाही. ग्रीकांसही ते जमले नाही. परंतु महाराष्ट्राबाहेरील आपल्या शाळांतून मराठी शब्दाबरोबर शेजारच्या भाषेतील त्याच शब्दाचा अर्थ सांगण्याची प्रथा पडावी, आणि अकादमीने शारीरशास्त्रापुरती का होईना, मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड व तेलुगू संज्ञांची एक छोटी तुलनात्मक सूची तयार करावी, ही सूचना येथे नम्रपणे मांडतो. सूचीत प्रत्येक नावापुढे तो स्नायू कोठून निघतो, कोठे जाऊन जडतो आणि कोणत्या हालचालीने हातास लागतो, या तीन गोष्टी असाव्यात. म्हणजे नाव कोणतेही असले तरी वस्तू चुकणार नाही. आणि त्या सूचीत अंसच्छदेच्या पंक्तीस बेटकुळी आणि पोटरी यांसही जागा द्यावी. विद्यार्थ्याचे बोट प्रथम त्यांच्यावरच पडते, आणि तेथून पुढे शास्त्रापर्यंतची वाट त्यास शिक्षकाने दाखवावयाची आहे.